पहिल्या तासाचा चीक

बानूबाईच्या हाताला यश आहे असं येलदरीच्या आसपासच्या चार गावांत म्हणतात, आणि बानूबाईला ते ऐकायला आवडतं. उगाच नको नको म्हणायचा तिचा स्वभाव नाही. शेळी अडली, करडू आडवं आलं, एक पाय बाहेर आणि मुंडी आत असा घोळ झाला की लोक आधी तिला फोन लावतात, मग दवाखान्याला. फोन तिच्या सुनेचा, दीपिकाचा. निरोप आला की बानूबाई तव्यावरची भाकरी सुनेच्या हवाली करून निघते. मनगटाच्या वरपर्यंत गोडेतेल चोळायचं, बिरोबाचं नाव घ्यायचं आणि डोळे मिटून आत चाचपायचं. डोळे कशाला मिटता, असं कुणी विचारलं तर म्हणते, "आत उजेड हाय का? मंग डोळ्याचं तिथं काय काम?" बासष्ट वर्षांची बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, बोलणं तिखट. धनगरवस्तीतली पुरुषमाणसं तिच्या दारावरून जाताना आवाज खाली करतात.

करडू बाहेर आलं की पुढं बानूबाईचा एक कायदा होता. वार पडेस्तोवर पिलाला आचळाला लावायचं नाही. वार म्हणजे पिलामागून पडणारी झोळी. ती कधी तासाभरात पडते, कधी सहा-सात तास घेते. तोवर करडू पुसून, कोरडं करून डालग्याखाली, म्हणजे पालथ्या टोपलीखाली झाकायचं. हे तिला तिच्या सासूनं, कस्तुराबाईनं शिकवलेलं. पिलानं आधीच ओढलं तर वार वर चढते, आत सडते आणि शेळी हातची जाते, असं कस्तुराबाईचं सांगणं. शिवाय पहिला चीक दाट, पिवळाजर्द. एवढ्याशा जिवाला तो पचायचा कसा? म्हणून वार पडली की पहिली धार बिरोबाला, बाकीच्याचा खरवस वस्तीतल्या पोराबाळांना, आणि करडाच्या वाट्याला संध्याकाळी जे काही उरेल ते. चाळीस वर्षं बानूबाईनं हा कायदा पाळला, आणि ज्या ज्या घरी ती शेळी सोडवायला गेली त्या त्या घरच्या बायांना बजावूनही आली. तिचा शब्द कुणी खाली पडू देत नसे.

आता करडं म्हटली की हगवण आलीच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पांढरं पातळ सुरू होतं, शेपटी बरबटते, कान पडतात. त्यावरचा इलाज बानूबाईच्या नवऱ्याकडं, येडबाकडं. येडबानं जन्मभर शेळ्या-मेंढरं वळली, आता गुडघे गेले म्हणून घरी असतो. त्याच्या बंडीच्या खिशात चष्म्याचं एक जुनं घर असतं, आणि त्यात चष्मा नसून सुई असते. तालुक्याच्या एका औषधाच्या दुकानातून तो बाटली आणायचा. चिठ्ठी कुणी मागत नसे आणि याच्याकडं ती नसेही. एकदा बाटली उघडली की येडबा कुणाला वंचित ठेवायचा नाही. आजारी करडाला सुई, त्याच्या शेजारच्याला सुई, उड्या मारणाऱ्यालाही सुई. "एकाला द्यायचं अन् दुसऱ्याच्या तोंडाकडं बगायचं, हे बरं न्हाई," असं त्याचं म्हणणं. चार करडांच्या दवाईत तीस करडं बसवायची म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला थेंब. देवळात तीर्थ वाटावं तसा तो वाटायचा. करडानं जरा मान वर केली की सुई बंद, आणि बाटलीत उरलेलं शेजारच्या वाड्याला. माणूस असा दिलदार की त्याला नावं ठेवायचीही सोय नाही.

पहिली काही वर्षं थेंबानंही भागलं. मग दोन दिवस टोचावं लागायला लागलं, मग चार. मग दुकानदारानं बाटलीच बदलली. पिवळ्या झाकणाची जाऊन लाल झाकणाची आली, ती निकामी झाली तशी निळ्या झाकणाची आली. मागच्या हिवाळ्यात मात्र सगळी झाकणं संपली. एकवीस शेळ्या व्याल्या, एकतीस करडं झाली, आणि दीड महिन्यात त्यातली एकोणीस गेली. येडबा सुई टोचायचा आणि करडू त्याच्या मांडीवरच मान टाकायचं. कुणी म्हटलं नजर लागली, कुणी म्हटलं बिरोबाचं काहीतरी करायचं राहिलं. बानूबाईनं नैवेद्य केला, लिंबू उतरवलं, वाडाभर गोमूत्र शिंपडलं. हगवणीला त्यातलं काहीच कळलं नाही.

अजून नऊ शेळ्या गाभण होत्या. त्यांच्या फुगलेल्या पोटांकडं बघायचंच बानूबाईनं सोडलं होतं. या नऊ जणींचीही पिलं गेली तर कळप पुढं चालायचा कसा?

त्याच दिवसांत डॉक्टरीण आली. सुकेशनी तिचं नाव, मानवतची पोरगी, सरकारी जनावरांच्या दवाखान्यात नुकतीच लागलेली. आली होती लसीची यादी करायला, पण वाड्याच्या तोंडाशी पडलेलं करडू बघून तिनं स्कूटी उभी केली.

"मावशी, कवापासून मरायलीत?"

"तुमी लशीचं लिहायला आल्या न्हवं? लिहा अन् जावा," बानूबाई म्हणाली. दुःखात असली की तिला कनवाळू माणसं सोसत नाहीत.

पोरगी गेली नाही. खाली मातीत बसली, कापूस लावलेली काडी करडाच्या मागं फिरवली, ती काचेच्या नळीत बंद केली, आणि येडबाच्या तिन्ही झाकणांच्या बाटल्यांचे फोटो काढले. येडबाला वाटलं, आपलं कौतुक चाललंय. त्यानं बाटल्या पुसून दिल्या. निघताना सुकेशनी म्हणाली, "मावशी, आता जी शेळी व्यायंल तिचा वाटीभर चीक मला द्या. तुमच्याच वाड्यातल्या शेळीचा पायजे, दुसरीचा न्हाई."

बानूबाईनं मनात म्हटलं, पोरगी नवी आहे, हौस दिसते खाण्याची. आठवड्याच्या आत एक शेळी व्याली. करडू रिवाजाप्रमाणं डालग्याखाली गेलं आणि चीक चुलीवर. गूळ आणि वेलदोडा घालून तिनं खरवस वाफवला, वड्या पाडल्या आणि डबा मुलाच्या, भागवतच्या हाती दवाखान्यात पाठवला. सुकेशनीनं डबा उघडला आणि तिला हसू आवरेना. तशाच दोन वड्या खाल्ल्या आणि फोन लावला.

"मावशी, खरवस एक नंबर झालाय. पर मला कच्चा पायजे वो. शिजवला की त्यातलं मरतंय."

"चिकात काय मरतंय, बाई?"

"ते सांगून पटायचं न्हाई. दुसरी व्याली की कच्चा चीक घेऊन तुमीच परभणीला या. तिथं कॉलेजात दावते."

दुसरी शेळी त्याच संध्याकाळी व्याली. सकाळी स्टीलच्या डब्याला ओलं फडकं गुंडाळून, डबा मांडीवर धरून बानूबाई एसटीत बसली. शेजारच्या बाईनं काय आहे म्हणून विचारलं तर म्हणाली, "डाक्टरचं जेवण." परभणीच्या पशुवैद्यकीय कॉलेजात सुकेशनी जिथं शिकली ती प्रयोगशाळा होती. बानूबाईनं दारातच चपला काढल्या. सगळं इतकं पांढरं आणि चकचकीत की तिला देवळात आल्यासारखं वाटलं.

सुकेशनीनं आधी एक प्लास्टिकची चपटी गोल डबी पुढं केली. बशीएवढी. तिच्यात दुधावर साय धरावी तसा पांढुरका थर, आणि त्या सायीवर कागदाच्या बारीक बारीक टिकल्या. "ही साय म्हंजे जंतू. एकेक टिकली एकेका दवाईची. दवाई लागू पडली की टिकलीभोवतीची साय मरती. ही दुसऱ्या गावची डबी हाय, बगा." टिकल्यांच्या भोवती स्वच्छ गोल रिंगणं पडली होती. मग तिनं दुसरी डबी ठेवली. "अन् ही तुमच्या करडाची."

बानूबाईनं डबी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, उजेडाकडं केली. आठ टिकल्या, आणि सात टिकल्यांना साय अगदी खेटून उभी. एका टिकलीभोवती तेवढं नखाएवढं रिंगण.

"ही चालती की," बानूबाई त्या टिकलीवर बोट ठेवून म्हणाली.

"ती माणसांसाठी राखून ठेवलेली हाय, मावशी. माणूस मरायला टेकला अन् दुसरं काहीच लागू पडंना, तवा ती काढतात. ती मी करडाला द्यायची न्हाई. आज ती करडाला दिली की उद्या तिच्याभोवतीबी साय जमंल, मंग माणसाला काय देणार?" मग जरा चाचरत तिनं सांगितलं, "काकांनी थोडी थोडी सगळ्यांना टोचली न्हवं, तिथं चुकलं. थेंबानं लेचेपेचे जंतू मरतात. टणक तेवढे मागं राहतात, अन् त्यांचीच पिलावळ वाढती."

"म्हंजे आमच्या म्हाताऱ्यानं जंतूची तालीम घेतली म्हणा!" बानूबाई म्हणाली. तिला हसू आलं. "मंग आता राहिलं काय? सात टिकल्या वाया गेल्या, आठवी तुमी देईनात."

"राहिलंय की. तुमीच डब्यात घेऊन आलाय."

सुकेशनीनं चिकाची वाटी एका यंत्रात फिरवून आणली. वर पिवळसर, नितळ पाणी उभं राहिलं होतं. काचेच्या पट्टीवर तिनं गढूळ पाण्याचे तीन थेंब ठेवले, तांदळाच्या धुवणासारखे. तेच ते जंतू, टिकल्यांना न भिणारे. एका थेंबात तिनं साधं पाणी मिसळलं. दुसऱ्यात, व्यायला महिना झालेल्या एका शेळीच्या दुधाची निवळ. तिसऱ्यात बानूबाईच्या डब्यातल्या चिकाचं ते पिवळं पाणी. आणि पट्टी हातात धरून हळूहळू डोलवायला लागली.

पहिला थेंब गढूळच राहिला. दुसराही जवळपास तसाच. तिसऱ्यात आधी काहीच झालं नाही. मग त्यात रवा पडावा तसे कण दिसायला लागले. कण एकमेकांना चिकटले, त्यांच्या गुठळ्या झाल्या, दूध नासतं तशा, आणि गुठळ्यांच्या मधलं पाणी निवळत निवळत आरपार स्वच्छ झालं.

बानूबाई बघतच राहिली. तिनं पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा बघितलं. येलदरीच्या धरणाचे दरवाजे उघडले की ती दर वर्षी बघायला जाते. पाणी कड्यासारखं कोसळताना बघूनही तिचं असं कधी झालं नव्हतं.

"कोण धरायलंय त्यांना?" तिनं शेवटी हळूच विचारलं.

"आई," सुकेशनी म्हणाली. "ही शेळी तुमच्याच वाड्यात वाढली. ह्याच जंतूंच्या संगतीत. तिच्या अंगानं त्यांना वळखून ठेवलंय, अन् त्यांना धरणारं तिच्या रक्तात तयार झालंय. गाभण शेळी शेवटी शेवटी ते सगळं कासंत उतरवती. तुमच्या वाड्यातल्या जंतूवर तुमच्या वाड्यातल्या शेळीचीच दवाई. दुसऱ्या गावची शेळी आणली तर एवढा जोर दिसंलच असं न्हाई."

बानूबाईला त्या शेळीचं तोंड आठवलं. बाभळीच्या शेंगा दिसल्या की मालकीण ओळखत नाही अशी मूर्ख शेळी. दोनदा विहिरीत पडता पडता वाचलेली. आणि ती मूर्ख शेळी चरता चरता, कुणी न सांगता, आपल्या पोटातल्या पिलासाठी नेमकी याच वाड्याच्या रोगाची दवाई तयार करत होती. येडबा त्या वेळी तालुक्याला बाटल्या शोधत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

"मंग हे करडाला कवा पाजायचं?" तिनं विचारलं.

"जितकं लवकर तितकं. अर्ध्या तासात, लय झालं तर तासात. करडाच्या आतड्याचं दार तवा सताड उघडं असतंय, चीक सरळ रक्तात जातोय. जसजसा येळ जातो तसं दार लागत येतं. दिवस मावळला की लागलंच म्हणा. मंग कितीबी पाजा, पोट भरतं, पर ते रक्तात शिरत न्हाई." आणि मग तिनं सहज विचारलं, "तुमच्याकडं कवा पाजतात, मावशी?"

"लगेच," बानूबाई म्हणाली. "पडलं की लगेच पाजतो आमी."

बानूबाई तिखट असेल, भांडखोर असेल, पण खोटं बोलणारी नव्हती. ते एक वाक्य बोलून ती उठली, चपला घातल्या आणि पाणीही न पिता निघाली.

परतीच्या एसटीत ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. मनात हिशेब करायचा नाही म्हटलं तरी होत होता. चाळीस वर्षं, चार गावं, वर्षाला किती शेळ्या, किती डालगी. मध्येच तिला सासूचा राग यायचा, मध्येच त्या पोरीचा. काल कॉलेजातून बाहेर पडलेली पोर मला शेळी शिकवणार? पण ते तीन थेंब तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितले होते, आणि बानूबाईनं आयुष्यात आपल्या डोळ्यांवर कधी अविश्वास दाखवला नव्हता. रिकामा डबा तिनं मांडीवर इतका घट्ट धरला होता की उतरताना बोटं वळली.

घरी आधी व्यालेल्या दोघींची करडं होती, एकेकच. तिनं दोघांनाही आचळाला लावलं, पुन्हा पुन्हा लावलं. ती प्याली, पोटं टम्म झाली, पण दार लागून गेलं होतं. एक तिसऱ्या दिवशी गेलं, दुसरं चौथ्या. येडबानं चष्म्याचं घर बाहेर काढलं तेव्हा बानूबाई एवढंच म्हणाली, "ठेवा ते खिशात. त्यानं काय हुईत न्हाई." परभणीला काय बघितलं ते तिनं कुणालाच सांगितलं नाही. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

सहाव्या दिवशी सकाळी ठिपकी व्याली. ठिपकी म्हणजे वाड्याची राणी. काळीभोर उस्मानाबादी, कानांवर पांढरे ठिपके, दर खेपेला दोन करडं देणार आणि दोघांना पुरून उरेल एवढं दूध. उन्हं अंगणात आली होती. एक करडू झालं, मागोमाग दुसरं झालं, दोन्ही पाटी, म्हणजे माद्या. ठिपकी दोघींना चाटत होती आणि वार अजून पडली नव्हती. दीपिका नेहमीप्रमाणं डालगं घेऊन आली.

"आत्या, झाकू?"

बानूबाईनं डालग्याकडं बघितलं. तिला खरंच भीती वाटत होती. तिनं वार आत राहून सडलेली शेळी बघितली होती. कस्तुराबाईनंच दाखवली होती आणि म्हणाली होती, बघ, पिलाला आधी लावलं की असं होतं. शेळी मेली होती हे खरं. पण पिलानं ओढलं म्हणूनच मेली, हे कुणी बघितलं होतं? कस्तुराबाईनं तिच्या सासूकडून ऐकलं होतं, तिनं तिच्या सासूकडून. आणि ऐकलेलं खरं निघालं तर? ठिपकी गेली तर? एका हाताला दोन करडं, दुसऱ्या हाताला वाड्याची राणी, आणि मध्ये चाळीस वर्षांचा कायदा.

"ने ते डालगं," बानूबाई म्हणाली.

"पर वार पडायचीय की अजून!"

"दिसायलंय मला. ने म्हणते न्हवं."

तिनं कास कोमट पाण्यानं पुसली, पहिली चिकटलेली धार मोकळी केली आणि मोठीला आचळाजवळ धरलं. पाट इकडं तिकडं नाक घासत राहिली. बानूबाईनं बोटावर चीक घेऊन तिच्या ओठांना लावला. एकदा जीभ फिरली, दुसऱ्यांदा फिरली, आणि मग त्या एवढ्याशा जिवानं आचळ असं पकडलं की ठिपकी हलली. शेपटी भिरभिरायला लागली. धाकटीला दुसऱ्या बाजूनं लावलं. दोघी ढुशा देत ओढत होत्या, पिवळाजर्द चीक ओठांच्या कडेनं ओघळत होता, आणि बानूबाईचा जीव ठिपकीच्या मागल्या बाजूला टांगलेला.

थोड्या वेळानं ठिपकीनं पाठ बाकवली. पोटावरून एक लाट गेली. जरा थांबून दुसरी. पिलं जितक्या जोरानं ओढत होती तितक्या लाटा जवळ जवळ यायला लागल्या. बानूबाईनं तिच्या पोटावर तळहात ठेवला आणि तिला ते हाताला कळलं. पिलू वर ओढतंय आणि आतली पिशवी आवळतेय. ओढलं की आवळते, ओढलं की आवळते. पाऊण तासाच्या आत वार पडली, सबंध, एक तुकडा आत न राहता. जिच्यासाठी चाळीस वर्षं पिलांना उपाशी झाकलं, ती वार पिलांनीच ओढून काढली होती.

बानूबाई तिथंच शेणामातीत बसली. दीपिका सांगते, आत्या हसत होत्या का रडत होत्या ते कळत नव्हतं, सारखं ठिपकीला म्हणत होत्या, "एवढं तुला ठावं होतं, अन् मला सांगायचं न्हाई व्हय गं?"

त्या दिवशी तिनं सुकेशनीला फोन लावला आणि आधी खोटं बोलल्याचं सांगून टाकलं. "मला कळलं होतं, मावशी," पलीकडून पोरगी म्हणाली. "तुमी पाणीबी पिऊन गेल्या न्हाईत." मग तिनं आणखी गोष्टी सांगितल्या. जमीन कोरडी ठेवायची, राख आणि चुना टाकायचा, बेंबीला औषध लावायचं, गाभण शेळीला व्यायच्या महिनाभर आधी लस द्यायची म्हणजे चीक आणखी जोरकस होतो. सुई कधीच नको असं नाही, पण ती डॉक्टर सांगेल त्यालाच, आणि पुरी. येडबा दोन दिवस रुसला. मग बानूबाईनं त्याला घड्याळाच्या कामावर बसवलं. शेळी व्याली की तो खाटेवरून ओरडतो, "दहा मिंटं झाली! पंधरा झाली! काय करायलाव गं आत?"

राहिलेल्या सात जणींची तेरा करडं झाली. एक जन्मतःच अधू होतं, ते गेलं. एकाला हगवण लागली आणि तेही गेलं. जगात हमी कशाचीच नसते. अकरा जगली. दोन-तीन जणांना जरा पातळ झालं, पण मीठ-साखरेच्या पाण्यावर ती उठून उभी राहिली. चष्म्याच्या घरावर धूळ बसली. संध्याकाळी अकरा करडं वाड्याच्या दगडी कठड्यावरून उड्या मारायची, तेव्हा बानूबाई सगळी कामं टाकून बघत बसायची. एवढीशी पोटं, आणि त्यात आईनं बघितलेल्या सगळ्या दुखण्यांची ओळख भरलेली! हे रोज दारात घडत होतं, आणि आपण त्याच्यात गूळ घालत होतो.

चार गावांत बातमी गेली. धनगरवस्तीवरची करडं सुईबिगर जगली, बानूबाईच्या हाताला यश आहे. हे वाक्य पहिल्यांदाच तिला बोचलं.

मग पलीकडच्या गावातून चांगुणाबाईचा फोन आला. चांगुणाबाई एकटी बाई, दहा-बारा शेळ्यांवर घर चालवणारी. मागच्या साली तिची अकरा करडं गेली होती. त्यातल्या बहुतेक शेळ्या बानूबाईनं सोडवल्या होत्या आणि करडं आपल्या हातानं झाकली होती. आता पुन्हा शेळी अडली होती. बानूबाई गेली, डोळे मिटले, मुंडी वळवून करडू बाहेर काढलं. ते पुसून ती थेट आचळाशी न्यायला लागली. गुपचूप एवढं करून परत आली असती तर कुणी काही म्हणणार नव्हतं. नवी रीत म्हणून खपून गेलं असतं, वर चहा मिळाला असता.

"आता असं करायचं का?" चांगुणाबाईनं विचारलं. "मागल्या साली तुमीच झाकून ठेवायला लावलंत की."

"व्हय," बानूबाई म्हणाली. "ते चुकलं. दवाई आईच्या कासंत होती, अन् मी लेकराला झाकून ठेवलं. तुझी अकरा माझ्या हातानं गेली, चांगुणा."

चांगुणाबाईचा हात शेळीच्या पाठीवर होता तिथंच थांबला. मग म्हणाली, "अन् हे आता सांगायलाव?"

"आताच कळलं."

"तुमचं काय गेलं वो? सांगून मोकळ्या झाल्या. गेलं ते माझं गेलं."

बानूबाईनं करडू मांडीवर घेतलं. ते थरथरत होतं, तिनं पदर त्याच्याभोवती ओढला. जे तिनं येडबाशीसुद्धा कधी काढलं नव्हतं ते ती खाली बघत बोलली.

"माझी पहिली लेक आठ दिसाची हगवणीनं गेली. तीन दिस तिला गुळाचं पाणी दिलतं. सासू म्हणली, पहिलं दूध वंगाळ असतंय, मातीत पिळ. मी पिळलं. लेकरू रडायचं अन् मी मातीत पिळायचे."

शेळी मान वळवून करडाकडं बघत बारीक ओरडत होती. चांगुणाबाईनं डोळ्यांना पदर लावला.

"नाव काय ठेवलतं?" तिनं विचारलं.

"बारशाला चार दिस राहिले होते," बानूबाई म्हणाली.

चांगुणाबाई सरकून तिच्याशेजारी येऊन बसली. बानूबाईच्या मांडीवरचं करडू तिनं दोन्ही हातांनी उचललं आणि शेळीच्या कासेशी नेलं. करडू नाक घासत राहिलं, त्याला आचळ सापडेना.

"दावा मला," ती म्हणाली. "कसं लावायचं ते दावा."

बानूबाईनं तिचं बोट धरलं, त्यावर चीक घेतला आणि करडाच्या ओठांना लावला. करडानं चाटलं, मग आचळ धरलं. त्याचं पोट भरेस्तोवर दोघी तिथंच बसून राहिल्या.